गरगरवहिनींची मागची खोली

गरगरवहिनींचा नवरा पळून गेला आणि त्या रागात त्यांनी त्याचं सगळं सामान अंगणात टांगून ठेवलंय, अशी बातमी आमच्या गल्लीत बरेच दिवस फिरत होती. सांगणारे डोळे एवढे मोठे करून सांगायचे, की खोटं म्हणायची सोय नव्हती. शिवाय पुरावा समोर होता. कुंपणावर पंख्याची पाती, इस्त्री, किटली, नरसाळी, सगळं वाऱ्यावर गरगरतंय आणि घरधन्याचा पत्ता नाही.

खरी गोष्ट एवढीच की नवरा कुठेही पळाला नव्हता. तो मागच्या खोलीत सामानाच्या ढिगाआड बसून स्क्रू निवडत होता. पळायचं म्हटलं असतं तरी दारापर्यंत वाट नव्हती.

हा नवरा म्हणजे पंखेवाले, आमच्या भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं पंखे आणि मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. वहिनी लग्न होऊन आल्या त्या जवळजवळ थेट दुकानातच. जळलेल्या मोटारीत तांब्याची तार नव्यानं गुंडाळायची, हे काम त्यांचं. वेढे मोजताना कुणी बोललं की मोजणी चुकते आणि सगळी तार उलगडावी लागते. म्हणून त्या दोघांची कधी भांडणं झाली नाहीत, असं मी म्हणतो. वहिनी म्हणतात, "झाली हो भावजी. पण जेवणाच्या सुट्टीत."

पुढे पंखेवाल्यांचे हात थरथरायला लागले. बारीक स्क्रू जागेवर बसेना. दुकान बंद झालं आणि दुकानातला शेवटचा वॉशरसुद्धा घरी आला, मागच्या खोलीत. डाव्या भिंतीला स्वतःची मोडतोड: पाती, जाळ्या, बेअरिंगं, फुटके रेग्युलेटर. उजव्या भिंतीला गिऱ्हाइकांनी दुरुस्तीला टाकलेले आणि परत न नेलेले पंखे. मधे एका माणसापुरती फट. त्यात पंखेवाले.

याच सुमारास वहिनींच्या गुडघ्यानं दगा दिला. झोपायची खोली वर. डॉक्टरनी स्पष्ट सांगितलं, जिना बंद. खाली खाट टाकण्याजोगी जागा एकच, ती मागची खोली. वहिनी रोज संध्याकाळी जिन्यावर उलट्या बसून, एकेक पायरी हातांनी ढकलत वर जायच्या. आमची ही एकदा ते बघून आली आणि रात्री जेवताना गप्प बसली. ती गप्प बसते म्हणजे प्रकरण गंभीर.

"अहो, यातलं काहीतरी टाका."

"टाकायचं कशाला? लागेल कधीतरी."

हा संवाद मी भिंतीपलीकडून इतक्यांदा ऐकलाय, की दोघांपैकी एक गावाला गेलं असतं तर त्याची बाजू मी चालवली असती.

मग एकदा वहिनींनी टोमॅटोवरची पाखरं हाकलायला एक जुनं पातं सायकलच्या चाकातल्या हबवर बसवून काठीला ठोकलं. वारा आला, पातं फिरलं. पंखेवाले दारात येऊन बघत राहिले.

"हे टाकलंस?"

"टाकलं कुठं? लावलंय. चालू आहे की."

वस्तू फुकट गेली नव्हती, फिरत होती. आणि फिरणाऱ्या वस्तूला हात लावायचा नाही, हा तर त्यांच्याच दुकानाचा नियम. वहिनींना नवऱ्याच्या हट्टातली फट सापडली.

त्यानंतर अंगण भरायला लागलं आणि वहिनींच्या गरगरवहिनी झाल्या. इस्त्रीचं बदक, त्याला चमच्यांचे पंख. पळ्यांची चक्री, प्रत्येक पळी वाऱ्याला तोंड देऊन वाकलेली. बॅटरीचं डोकं आणि नरसाळ्याचा घागरा असलेली एक ठुमकणारी बाई, जिला मी आमच्या हिचं नाव दिलं आणि दोन दिवस स्वतःच्या हातानं स्वयंपाक केला. गंमत वाटते, पण काम नाजूक. चक्री सोडून दिली की जड बाजू खाली येऊन थांबते. अशी चक्री लंगडत फिरते आणि हब खाते. वहिनी हलक्या बाजूला ओल्या साबणाचे बारके तुकडे चिकटवत, पुन्हा सोडत, पुन्हा चिकटवत. चक्री कुठल्याही बाजूवर थांबायला लागली, म्हणजे तोल साधला, की साबण काढून त्याच वजनाचा नट बसवायचा. ते बघताना मला वाटायचं, दोघांच्या संसारातही हेच चाललंय. कुणाला काढून टाकायचं नाही, फक्त कुठं कमी पडतंय ते बघून तिथं थोडं वजन ठेवायचं.

लोकांना फार आवडलं. काही जण घरचं भंगार घेऊन आले. वहिनींनी फाटकातूनच परत पाठवलं. "माझ्याकडं सामान बाहेर जातं, आत येत नाही."

डावी भिंत मोकळी झाली. खाट मात्र बसेना, कारण उजवीकडचा ढीग खोलीच्या मध्यापर्यंत आलेला. वहिनींनी विचारून पाहिलं. पंखेवाले शांतपणे म्हणाले, "ते आपलं नाही. मी त्यांना 'होऊन जाईल' म्हणालोय." वहिनींनी विषय सोडला. त्यांना तो शब्द ठाऊक होता. त्यांनीच तर त्या शब्दासाठी तारा गुंडाळल्या होत्या. त्या पुन्हा जिन्यावर उलट्या बसल्या.

आणि मग घोटाळा झाला. छत गळलं म्हणून पंखेवाल्यांनी गिऱ्हाइकाचा एक टेबलपंखा उचलून डाव्या भिंतीला ठेवला, आणि सांगायचं विसरले. वहिनींनी डावीकडचं म्हणून तो उचलला. त्याच्या जाळीचा झगा केला, किटलीचं डोकं बसवलं, वर पात्यांची गरगरती छत्री. आजवरची सगळ्यात देखणी चक्री. लावली ती थेट फाटकाशी.

पंखेवाल्यांनी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. एका पात्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. "हा पार्लरवालीचा. ती सगळ्या वस्तूंवर खूण करायची." ओरडले असते तर बरं झालं असतं. ते आत जाऊन बसले आणि जेवायलाही उठेनात. चक्री उतरवायची तर स्वतःच्या हातांनी नट सुटेना, म्हणून त्यांनी मला पाना घेऊन यायला सांगितलं. मी उद्या येतो म्हणालो. माझं 'उद्या' माहीतच आहे गल्लीला.

मी जायच्या आत पार्लरवालीच फाटकात उभी! केस पिकलेले, हातात भाजीची पिशवी, नजर छत्रीवर. पंखेवाले बाहेर आले, मान खाली.

"बाई, चूक झाली. तुमचा पंखा मोडला गेला. मी भरून देतो."

"भरून काय देताय? मीच किती वर्षं फिरकले नाही. तुमच्या दुकानासमोरून जायची आणि मान वळवायची. वाटायचं, एवढा उशीर झाला, आता कोणत्या तोंडानं मागू?"

पंखेवाल्यांची मान वर आली. हा माणूस आत बसून गिऱ्हाइकाची वाट बघत होता, आणि गिऱ्हाईक लाजेनं बाहेरून निघून जात होतं. दोघंही प्रामाणिक, आणि त्या प्रामाणिकपणाखाली एक खोली बुजलेली.

"मग, नेता?" वहिनींनी विचारलं.

"नको, इथंच असू दे. माझ्याकडं होता तेव्हा तरी कुठं एवढा फिरायचा!"

दुसऱ्या दिवशी पंखेवाले उजव्या भिंतीचा एक पंखा स्वतः ओढत अंगणात आले. "हा लाव. पण कापायचा नाही, रंगवायचा नाही. मालकाला ओळखू आला पाहिजे. तोंड रस्त्याकडं." वहिनींचं काम वाढलं, कारण न कापता फिरवायचं म्हणजे कसरत. पण एकेक पंखा कुंपणावर चढला. काही मालक आले, ओशाळले, चहा पिऊन आपला पंखा घेऊन गेले. काहींनी तिथंच ठेवला. काही आलेच नाहीत. त्यांचे पंखे रस्त्याकडं तोंड करून अजून फिरतात, आणि पंखेवाले रोज त्यांना वंगण घालतात.

खोली मोकळी झाली. खाट खाली आणायला आम्हीच गेलो होतो, मी आणि आमची ही. वहिनी खाटेवर पाय लांब करून बसल्या. पंखेवाले चहा करायला आत गेले तशी मी संधी साधली.

"वहिनी, आता खरं सांगा. गिऱ्हाइकाचा पंखा तुम्हाला ओळखू आला नाही? तुम्हाला? मुद्दाम उचललात ना?"

वहिनी म्हणाल्या, "भावजी, माझा गुडघा गेलाय, डोकं नाही. मुद्दाम उचलला असता तर ते नेलपॉलिश आधी खरवडून काढलं असतं."