बांगडीएवढी जागा

माझी मुलगी लोखंडाचे नकाशे काढते. परदेशात कुठं कारखाना उभा राहायचा असतो, त्याचे खांब, तुळया, प्लेटी, बोल्टाची भोकं, सगळं ही शहापूरच्या आमच्या घरात मधल्या खोलीत बसून आधी कॉम्प्युटरवर उभं करते. मग त्याचे नकाशे निघतात आणि तिकडचे वर्कशॉपवाले ते बघून लोखंड कापतात. लोक विचारतात, पोरगी काय करते? मी सांगतो, माझंच काम करते, फक्त हात काळे होत नाहीत.

माझं काम म्हणजे शेड उभारायचं. मुरबाडच्या कारखान्यांच्या शेड, वैशाखऱ्याकडच्या कोंबड्यांच्या, कुणाचं गोदाम. आमची वस्ती गावाच्या कडेला, जमीन नाही. भातकापणी संपली की वीटभट्टी, असं चाललेलं. एका ठेकेदाराने मला लोखंडावर घेतलं आणि तिथून मी हललो नाही. शाळा नावापुरती झालेली, पण नकाशा वाचायला शिकलो. बायकोला अक्षर येत नव्हतं. ती माझ्याबरोबर हेल्पर होती.

हेल्पर म्हणजे उचल-ठेव करणारी. तिच्या वाट्याला मात्र दुसरंच काम आलं. तुळई खांबाला जोडतात तिथं आतल्या कोपऱ्यात एखादी प्लेट अशी आडवी यायची की नट धरायला आमचा पंजा आत जायचाच नाही. भोक आहे, बोल्ट आहे, आणि हात जात नाही. नकाशावाल्याने भोक काढलं, हाताचा विचार केला नाही. मग मी वरून हाक मारायचो. ती साडी खोचून शिडी चढायची, हात आत घालायची, बोटांच्या टोकांनी नट धरून ठेवायची आणि मी बाहेरून पाना फिरवायचो.

फिटर चिडवायचे, "वहिनी, हात हाय का उंदीर?"

"दोन भाकऱ्या कमी खावा, तुमचेबी जातील," ती वरूनच म्हणायची.

बांगड्या काढून चढ, असं सांगून मी दमलो. ऐकेल ती कसली. "तुमी जिते हाव तवर मी हात मोकळा करायची नाय." मग प्लेटीच्या धारेला लागून बांगडी जायची. आमच्यात फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. मनगट खरचटायचं, ते ती पदराने पुसायची. रिकामा हात नको म्हणून मुरबाडचा बाजार येईपर्यंत मनगटाला हिरवा दोरा बांधून फिरायची. म्हातारपणी ते मनगट आखडलं. भाकरी थापता थापता मध्येच थांबून हात झटकायची. विचारलं की म्हणायची, "पीठ चिकटलंय."

म्हसा गावची जत्रा झाली आणि ती गेली. सवाष्ण गेली म्हणून बायांनी हातभर हिरव्या बांगड्या भरल्या. "नशिबाची गो," म्हणाल्या. काय नशिबाची? आजाराने हात इतका वाळलेला की बांगड्या आपोआप कोपराकडं सरकत होत्या. जत्रेतून मी तिला बांगड्या आणल्या होत्या, त्यातली एक मागं राहिली. ती मी चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवली.

नंतर घरात बोलायला मुलगी आणि मी. तिचं एक नवीन काम चाललं होतं. आधी ती प्रत्येक जोड आपल्या हाताने काढायची. आता म्हणे कॉम्प्युटरला लिहून सांगायचं. तुळई अशी आली तर प्लेट एवढी, बोल्ट एवढे, भोकं इथं. त्याला प्रोग्राम म्हणतात. एकदा नीट सांगितलं की अख्ख्या इमारतीचे जोड तो आपणच बसवतो. चुकीचं सांगितलं तर अख्ख्या इमारतीत चूक.

एका दुपारी ती पडद्याकडं बघत बसली होती. मी म्हटलं, "काय अडलं?"

"अडलं नाय बाबा. बोल्टाजवळ किती जागा सोडायची ते तपासतेय. पाना फिरला पाहिजे ना."

मी डबा उघडून बांगडी तिच्यापुढं ठेवली. "ही टाक त्यात. तुझ्या आईचा हात एवढा होता. एवढी जागा प्रत्येक जोडाला पाहिजे, असं सांग त्याला."

तिने बांगडी घेतली. मला वाटलं, हसेल. हसली नाही. पट्टी लावून मापली, काही लिहिलं. पडद्यावर खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात एक हिरवं कडं आलं. माझी म्हातारी परदेशातल्या कारखान्यात जाणार, आणि तिथले लोक तिच्या हाताएवढी जागा सोडून लोखंड कापणार, या विचाराने मला फार बरं वाटलं. ती गेल्यापासून तेवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

"बसतो का हात?" मी विचारलं.

"बसतो." ती चित्र फिरवून बघत होती. "पण बाबा, जागा याच्यापेक्षा जास्तच हाय. आतमध्ये मूठ जाते, पाना जातो, फिरतोपण. प्रोग्राममध्ये ते आधीपासूनच हाय. आईचा हात टाकला काय, न टाकला काय, जोड तसाच राहणार."

"तू कुठनं आणलीस एवढी जागा?"

"पुस्तकातनं. इंजिनेरांच्या पुस्तकात असतं."

"कधीपासनं?"

"पहिल्यापासनं, बाबा. तुमच्या टायमालापण होतं. हाताने काढणारा एवढ्या सगळ्या जोडांत कुठंकुठं बघणार? कुठंतरी राहून जायचं. हा मशीन हाय, प्रत्येक ठिकाणी बघतो."

मी खाटेवर बसलो. माझी समजूत अशी होती की लोखंडाचं कामच तसलं असतं. कोपरा अडचणीचा असायचाच, कुणाचा तरी बारीक हात आत जायचाच. आमच्या बायकोचा जातो म्हणून मी चार लोकांत छाती काढून सांगितलंय. आणि जागा सोडायची हे पुस्तकात लिहिलेलं होतं. भोक दोन बोटं इकडं, नाहीतर दोन बोटं तिकडं, एवढंच. तेवढ्यावर तिचं मनगट गेलं. आता शिव्या कुणाला घालू? नकाशावाल्याचं तोंड मी कधी बघितलं नाही, आणि ज्या मशीनने कोपरा मोकळा केला ते तिच्या हयातीत आलं नाही.

मुलगी खुर्ची वळवून माझ्याकडं बघत होती. "राहू दे का आईचं कडं? कुणाला दिसणार नाय. मी आत ठेवून देते."

तिला वाटलं, मी हो म्हणेन. मलाही आधी तसंच वाटलं. जिथं तिथं तिचा हात असावा, म्हणून तर बांगडी आणली होती. मग तो कोपरा परत बघितला. प्लेटीची धार तशीच होती, आणि धारेच्या आत ते हिरवं कडं.

"काढ," मी म्हटलं. "बाहेर काढ तिला. लय झालं."

तिने काढलं. कोपरा नुसताच राहिला, मोकळा. पोरीने बांगडी ओढणीने पुसून माझ्या हातात दिली. मी ती माझ्या हातात घालून बघितली. बोटांच्या पेरांवरच अडली.