अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी

विजेतलं मला काही कळत नाही; अन्यायातलं मात्र सगळं कळतं.

म्हणूनच मी पहिल्या पगारातून सिंकवर बसवायचा छोटा गीझर आणला. आमच्या भूम गावच्या थंडीत गार पाण्यानं भांडी घासून आईच्या बोटांचे सांधे इतके सुजत, की सकाळी भाकरी थापताना ती ओठ दाबून उभी असे. आणि त्याच वेळी आप्पा (माझे वडील, निवृत्त शिक्षक, म्हणजे अजूनही शिक्षक) बंबातल्या कढत पाण्यानं अंघोळ करत! मी बाथरूमच्या दाराशी उभी राहून याला सरंजामशाही म्हणाले.

"टॉवेल दे," आतून आप्पा म्हणाले.

गीझर बघून आईच घाबरली. "शॉक बसंल बाई! रविवारपर्यंत नीट चालू झाला तर ठेवू, न्हाय तर दुकानात वापस."

हातात दोन दिवस. मी ताबडतोब पत्रक लिहून फ्रिजला चिकटवलं: 'सुरक्षित गरम पाणी: आमच्या मागण्या!' (मागण्या सात. मागणारी मी एकटी.)

शनिवारी सकाळी रशीदमामा आले. आमच्या गल्लीतली सगळी वायरिंग त्यांच्याच हातची. सिंकशेजारचा प्लग उघडून ते म्हणाले, "तिसऱ्या भोकाला वायरच न्हाय. घराला अर्थिंग न्हाय गुरुजी."

"इतकी वर्षं काही अडलं का?" आप्पा म्हणाले. "नळाच्या पाइपाला वायर गुंडाळा अन् मोकळे व्हा."

"म्हणजे आईनं नळाला हात लावला, की तीच अर्थिंग? आप्पा, एकही तडजोड होणार नाही!"

"पोरगी बरोबर बोलती, गुरुजी," रशीदमामा म्हणाले.

एखाद्या मोठ्या माणसानं मला बरोबर म्हणण्याची ही पहिलीच वेळ. मी हुरळले. घोटाळा इथूनच सुरू झाला.

अंगणात खड्डा खणला. त्यात पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले. मामांनी वायर घरात आणली, गीझर भिंतीवर चढवला, त्याला एमसीबीचा वेगळा खटका टाकला. जाताना म्हणाले, "मुरमाची जमीन हाय. कोरडी राहिली तर अर्थिंग धरत न्हाय. थोडं पाणी घालत जा. उद्या तपासतो, मगच बटन."

'थोडं' हा शब्द तत्त्वनिष्ठ माणसाला ऐकू येत नाही.

पहिली बादली मुरमानं एका घोटात पिऊन टाकली. दुसरीही. आईच्या जिवाचा प्रश्न म्हणून दहावी ओतत होते, तेव्हा शेजारच्या कलावतीकाकूंनी भिंतीवरून मान काढली.

"काय लावलंस गं?"

"अर्थिंग."

"मीठ टाकून? लई शिकलीस. काय उगवायचं न्हाय तिथं!"

"उगवायचं नाहीच काकू! आईच्या सुरक्षेसाठी आहे ते!"

"असंल. पण इतकं पाणी दिल्यावर मुळं कुजतात."

शेवटी बादल्यांचा कंटाळा आला. गच्चीवरच्या टाकीचा पाइप सरळ खड्ड्यात सोडला आणि गीझरसोबतचं माहितीपत्रक वाचत बसले. (पत्रक हातात आलं की मला जग दिसत नाही.)

रविवारी मामांनी तपासणीचा दिवा लावला. लख्ख पेटला! "बेटा, आख्ख्या तालुक्यात असं अर्थिंग न्हाय!" मी विजयी मुद्रेनं आप्पांकडे पाहिलं.

"आता नळ सोडा. गीझर भरून पाण्याची धार लागली, की मग बटन. रिकामा चालवला तर जळंल."

आईनं नळ सोडला. नळानं एक उसासा टाकला. मग तोही बंद.

मामा गच्चीवर जाऊन आले. "टाकी कोरडी ठाक हाय की!"

आमच्याकडे नळाला पाणी आठ दिवसांनी येतं. आणि ते शुक्रवारीच येऊन गेलं होतं.

आई स्टुलावर चढली. माळ्यावरून गीझरचं खोकं काढायला लागली.

"थांब!" मी ओरडले. "रविवार अजून संपलेला नाही!"

काकूंच्या बोअरवरून मी पाणी वाहायला सुरुवात केली. दोन हातांत दोन बादल्या, जिना, गच्ची, टाकी. परत खाली. प्रत्येक खेपेला काकू विचारत, "आता तरी खड्ड्यात न्हाय ना?" आप्पा जिन्याशी खुर्ची टाकून बसले होते. "सांडू नको," एवढंच त्यांचं योगदान!

दुपारी नळाला धार लागली. मामांनी बटन दाबलं. थोड्याच वेळात सिंकवर वाफ आली. आईनं भीतभीत एक बोट पुढं केलं, मग पंजा, मग दोन्ही हात. बोटं हळूहळू उघडली, मिटली.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "खोकं देऊन टाका भंगारात."

मी घोषणा द्यायला हात उंचावला. हात खांद्याच्या वर जाईना! बोटं बादलीच्या कडीसारखी वाकडी होऊन तशीच राहिली होती. आईनं माझे दोन्ही हात धरून गरम धारेखाली ठेवले. "हलायचं न्हाय. शेक."

मी तासभर हलले नाही. सात मागण्या पूर्ण झाल्याचं समाधान काही निराळंच! आणि दुपारच्या जेवणाची भांडी, सिंक मी अडवल्यामुळे, आई अंगणात बसून घासत होती. गार पाण्यानं.