टिचभर उंचीची जात

आमचे भाऊजी झाडांच्या पानांवरचे केस मोजायचे. स्वतःच्या डोक्यावरचे कधी गेले, याचा मात्र त्यांना पत्ता नव्हता. वाळवलेल्या झाडांच्या संग्रहालयात त्यांनी उभा जन्म काढला. मी नोकरीसाठी चपला झिजवत होतो, तेव्हा त्यांनी मलाही तिथेच चिकटवलं. काम काय, तर वाळकी रोपं डिंकाने जाड कागदावर लावायची. "मेहुणा वशिल्याचा आहे, पण हात बसलाय त्याचा," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

ताईची छकुली तापाने गेली, तेव्हा चार वर्षांची होती. पुढच्याच वर्षी भाऊजींना एका उघड्या कातळावर शेवंतीच्या कुळातलं एक रोप सापडलं. टिचभर उंची, लोकरीसारखी केसाळ पानं, शेंड्याला एकच पांढरं फूल. रस्त्याकडेला उगवणाऱ्या एका तणाशी त्याचं नातं दिसत होतं, पण ते तण कमरेएवढं, गुळगुळीत पानांचं, फुलांनी लगडलेलं. भाऊजींनी कातळावरची जात वेगळी म्हणून छापली आणि तिच्या लॅटिन नावात छकुलीचं नाव घातलं. ताईने ते अख्खं नाव तोंडपाठ केलं. जगभरच्या पुस्तकांत आपली लेक आहे, एवढ्याच आधारावर ती बाई पुन्हा उठून कामाला लागली.

बुटकं रोप आधी कुंडीत, चांगल्या मातीत वाढवून बघा, मगच नवं म्हणा, हे भाऊजी विद्यार्थ्यांच्या कानीकपाळी ओरडायचे. स्वतः मात्र त्यांनी तेवढं केलं नाही. मला त्यांचा राग येतो, आणि मग माझाच मला येतो. लेक गेलेल्या बापाकडे तेवढा धीर कुठून असणार?

त्यांच्याच हाताखाली शिकलेली एक मुलगी पुढे नावाजलेली संशोधक झाली. त्या सगळ्या गटाची मांडणी तिने नव्याने करायला घेतली. कातळावरची रोपं, रस्त्याकडेचं तण आणि भाऊजींच्या मूळ नमुन्याच्या पानाचा तुकडा, सगळ्यांचा डीएनए तिने तपासायला घेतला. तो तुकडा भाऊजींनीच चिमट्याने काढून दिला. मनात केवढी आशा होती त्यांच्या. आता यंत्रच सांगेल, म्हणाले.

निकाल घेऊन ती आली, तेव्हा खुर्चीच्या कडेवरच टेकली.

"सर, डीएनएत सगळी एकमेकांत मिसळतात, जात एकच आहे. उंची, केस, फुलांची संख्या, काहीच टिकत नाही. कातळावर माती नाही, म्हणून ती खुरटतात, एवढंच." मग खाली बघत म्हणाली, "तुम्ही म्हणाल तर मी छापायची थांबते."

भाऊजींनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"थांबू नकोस," ते म्हणाले. "माझ्या पोरीच्या नावावर खोटं नको."

आमच्यात एकाच जातीला दोन नावं पडली, तर आधी दिलेलं नाव ते खरं, असा नियम आहे. तणाचं नाव जुनं, म्हणजे छकुलीचं नाव यापुढे कुणी वापरणार नाही. नमुन्याच्या कागदावरचं जुनं लेबल काढत नाहीत, शेजारी नवी चिठ्ठी लावतात. ती चिठ्ठी मी लावली. बसलेल्या हाताने, अगदी सरळ.

छापून येण्याआधी ताईला सांगायला हवं होतं. "मीच सांगतो," भाऊजी म्हणाले, पण घरी जाताना मलाही सोबत नेलं.

ताई गॅलरीत होती. भाऊजींचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा शेवटच्या खेपेला त्यांनी कातळावरचं थोडं बी तिच्यासाठी आणलं होतं. ते तिने मोठ्या कुंडीत, खतमातीत पेरलं होतं. हल्ली भाऊजी गॅलरीत फिरकत नव्हते. का, ते मला आत पाऊल टाकताच कळलं. कुंडीत कमरेएवढं रोप उभं होतं. गुळगुळीत पानं, फांदीफांदीला फुलं.

"अगं, तुला एक सांगायचंय," भाऊजींनी सुरुवात केली.

"आधी इकडे या. किती दिवसांत बघितलं नाहीत तुम्ही हिला." ताईने त्यांना हाताला धरून कुंडीपाशी नेलं. "एवढीशी होती. मी म्हणतच होते, नीट खायला-प्यायला मिळालं तर आपली छकुली वाढेल."

"हो. वाढली," भाऊजी म्हणाले, आणि तिथेच खाली बसून रडायला लागले.

ताई पदराने त्यांचं तोंड पुसत हसली. "अहो, पोरगी वाढली म्हणून कुणी रडतं का?"