अठरा डिग्रीची बरणी

स्टाफरूममधला चहा संपतो, किस्से संपत नाहीत. आमच्या लातूरच्या क्लासमधले निम्मे किस्से तर एकट्या बिराजदार सरांचे! मी गणित शिकवायचो, नांदेडचे शेख सर फिजिक्स आणि बिराजदार सर केमिस्ट्री. सरांना वाइन प्यायची हौस नव्हती, करायची होती. जन्मात एकदा तरी घरी क्वालिटी वाइन जमवायची, एवढंच स्वप्न. घर मात्र लिंगायत वाण्यांचं. तिथं चहात सुंठ जास्त पडली तरी चर्चा व्हायची!

*

हैदराबादच्या जुन्या बाजारातून सरांनी एक इंग्रजी पुस्तक आणलं. द्राक्षं आणून झाली, मग त्यांनी पहिलं पान वाचलं. 'ही कृती थंड हवामानासाठी आहे. बरणी अठरा डिग्रीच्या वर जाऊ देऊ नका.'

भूकंपानंतरचा उन्हाळा होता. भिंतींचा भरवसा उडालेला, निम्मं गाव अंगणात पत्रे ठोकून राहत होतं.

शेख सर म्हणाले, "अठरा डिग्री? सर, आमच्या पत्र्याखाली माठातलं पाणी शिजून राहिलंय!"

*

तरी सरांनी हार मानली नाही. घरात फारसं कुणी जात नव्हतं, तेव्हा जागा आयती मिळाली. बायकोची, म्हणजे मंगलवहिनींची, लोणच्याची बरणी धुतली, द्राक्षं घातली, वरून ओलं गोणपाट गुंडाळलं. महिन्याभरानं थर्मासमधून माल स्टाफरूममध्ये आला.

मी एक घोट घेतला आणि खिडकी गाठली.

शेख सर दारूला शिवत नाहीत. त्यांनी लांबूनच वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "चव तुम्ही सांगा. माझ्या मते मेथी जरा जास्त झाली!"

*

त्या दिवसांत घरोघरी स्टीलच्या ताटात रिकामी बाटली उलटी उभी करून ठेवत. जमीन हलली की बाटली पडणार, खणकन आवाज होणार आणि माणसं बाहेर पळणार. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. आमच्या वर्गातल्या काही पोरांची गावंच राहिली नव्हती.

सरांनी दुसरी खेप बाटलीत भरली आणि बूच घट्ट ठोकलं. आत गॅस होतो, हे केमिस्ट्रीचा माणूस विसरला! एका दुपारी बूच सुटलं ते थेट त्या उलट्या बाटलीवर. खणकन! वहिनी ओरडत बाहेर, त्यांच्या मागे अख्खी गल्ली रस्त्यावर.

"केवढा होता हो?" लोक सरांना विचारू लागले. सायन्सचा माणूस ना! सर घाम पुसत म्हणाले, "हलकाच होता."

शेजारचे देशमुख काका म्हणाले, "हलका कसला? माझा पलंग दोनदा हलला!"

*

बूच वहिनींना पिठाच्या डब्यात सापडलं.

"अहो, भूकंप कमी होता का, म्हणून तुमी हे करून राहिलात?" त्या कडाडल्या. मग सरांचा चेहरा बघून जरा नरमल्या. "आता एकदाच. तेबी घरात न्हाई. जमलं तर जमलं, न्हाई तर पुस्तक बंबात!"

माणूस खरंच हिरमुसला होता. आम्हालाही वाईट वाटलं. लातुरात ती शेवटची खेप ठेवायला थंड जागा आणायची कुठून?

*

जागा पुढं काही वर्षांनी पोरांनीच दिली! गावोगावची पोरं लातूरला यायला लागली, क्लासला मोठा हॉल झाला आणि हॉलला एसी. सरांनी मागच्या कपाटात नवी कोरी बरणी ठेवली, वर चिठ्ठी लावली: 'केमिकल. हात लावू नये.' एसी अठरावर ठेवून रिमोट स्वतःच्या खिशात.

पोरं कुडकुडायची. सर म्हणायचे, "थंडीत डोकं चालतं!"

त्या सहामाहीला आमचा रिझल्ट चांगला लागला. पंधरा दिवसांत समोरच्या क्लासनं पण एसी अठरावर आणला!

*

बरणी पिकत आली होती, तेव्हा दीपाली नावाच्या मुलीचे वडील तक्रार घेऊन आले. "पोरगी रोज शिंकून राहिली. एसी कमी करा, न्हाई तर क्लास बदलतो." कुठं असता, सरांनी विचारलं. म्हणाले, "एक्साइजला. दारू पकडायच्या खात्यात इन्स्पेक्टर."

सरांची नजर कपाटाकडे गेली. नोकरी, अब्रू आणि वहिनींनी दिलेली शेवटची संधी, सगळं त्या कपाटात होतं.

साहेब हॉलमध्ये आले. मध्येच थांबले. नाक वर केलं आणि सरळ कपाटापाशी गेले. चिठ्ठी वाचली.

"कंचं केमिकल?"

"ऑरगॅनिक," सर कसेबसे म्हणाले. शेजारी शेख सर पुटपुटत दुआ मागत होते.

साहेबांनी झाकण उघडलं, वाकून वास घेतला. डोळे मिटून पुन्हा एकदा घेतला. मग झाकण हलक्या हातानं जागेवर ठेवलं, कपाट लावलं आणि मुलीला हाक मारली.

"दीपाली, उद्यापासून स्वेटर घालून येत जा."