भैरोबाने कौल दिला नाही तो दिवस

भैरोबावर मी त्या सकाळी इतका वैतागलो होतो, की देवळात उभं राहून त्याच्याशी भांडावंसं वाटत होतं. आज लिहिताना लाज वाटते, पण जे होतं ते होतं. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. नेवाशाकडच्या आमच्या गावात मी शाळामास्तर होतो. माझी धाकटी बहीण गंगू सातवी पास झालेली. लग्नानंतर वर्षाच्या आत तिचा नवरा विषमज्वराने गेला, आणि ती माझ्याकडे आली. सासरचे तिला परत न्यायला टपले होते, कारण त्यांना शेतात राबायला फुकटचं माणूस हवं होतं. गंगूला मात्र नगरला दवाखान्यात नर्सचं शिक्षण घ्यायचं होतं. तिथून कागद आला होता. त्यावर पालकाने सही करायची आणि सोमवारी दुपारी तीनच्या आत मुलीने तो घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला जाणार. वडील नव्हते. पालक म्हणजे मी.

सही करायला असा किती वेळ लागतो? मला तीन आठवडे पुरले नाहीत. पाठवली तर भावकी म्हणणार, मास्तरने विधवा बहिणीला परक्यांची घाण काढायला धाडली. नाही पाठवली तर गंगू जन्मभर मला काही बोलली नसती, आणि तेच मला सोसलं नसतं. मग मी नेहमीची वाट धरली. आमच्याकडे भैरोबाच्या छातीवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवून कौल लावतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. माझं लग्न कौलाने ठरलं, बदली मी कौलाने नाकारली, म्हैससुद्धा कौलाने घेतली. ती महिन्यात आटली, तेव्हा बायकोने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, देवाची मर्जी. कौलाची हीच तर सोय होती. साप मरावा आणि काठीही मोडू नये.

सोमवारी सकाळी कागद आणि फौंटनपेन खिशात घालून, गंगूला बरोबर घेऊन मी देवळात गेलो. ती गाठोडं मांडीवर घेऊन खांबापाशी बसली. नऊला फाट्यावरून नगरची सर्व्हिस मोटार सुटायची. गुरवबाबांनी पाकळ्या लावल्या, मी हात जोडून प्रश्न विचारला. अर्धा तास गेला. एकही पाकळी हलली नाही. गुरवबाबा म्हणाले, "परश्न नीट इचारा, मास्तर. देवाला तुमचं कळंना झालंय." मी शब्द बदलून विचारलं. त्यांनी ताज्या पाकळ्या लावल्या. त्याही जागच्या जागी. थंडीचे दिवस, दगड गारठलेला, पाणी वाळत नव्हतं हे मलाही दिसत होतं. तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजवर म्हशीसाठी तत्परतेने उत्तर देणारा देव आज मुका का झाला?

तिसऱ्या खेपेला उन्हं पायरीवर आली. गुरवबाबांना शेतावर जायचं होतं, ते किल्ल्या वाजवत बसले. शेवटी म्हणाले, "लई झालं. उद्या या." उद्या! आणि खरं सांगायचं तर तो शब्द ऐकून मला आतून बरं वाटलं. उद्यावर गेलं की जागा गेली, आणि खापर फोडायला भैरोबा होताच.

ते बरं वाटणं माझ्या तोंडावर दिसलं असावं. गंगू उठली. तिने देवाला नमस्कार केला, हात पुढे केला आणि दोन्ही पाकळ्या स्वतःच काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. गुरवबाबा "अगं, अगं" करत राहिले. ती म्हणाली, "दादा, देवाकडं आता काय बी राह्यलं न्हाई. तुला जे वाटतंय ते सांग. न्हाई म्हन, मी घरी येते. पन तू म्हन."

मला तिचा राग आला. मग स्वतःचा आला, आणि तो जास्त होता. वीस वर्षांची पोर जे करू शकते ते मला चाळिशीत जमू नये? देवळाच्या ओट्यावर कागद पसरून मी सही केली. शाई वाळायच्या आत कागद तिच्या हातात दिला.

नऊची मोटार केव्हाच गेली असणार. तरी आम्ही दोन मैल जवळजवळ पळत फाट्यावर गेलो. मोटार उभी होती. पेट्रोल मिळत नसल्यामुळे तेव्हा मोटारी कोळशाच्या भट्टीवर चालत. ड्रायव्हर कपाळाला हात लावून म्हणाला, "दीड तास झाला मास्तर, भट्टी पेटंना. आज काय रुसलीय, अल्लाला ठाव." उतारू वैतागून रस्त्यावर बसले होते. जागा एकच होती. मी तिला एकटी कशी पाठवू म्हणून घुटमळलो, तर आतली एक म्हातारी मुसलमान बाई सरकून म्हणाली, "बस गं माझ्याजवळ. माझी सून त्याच दवाखान्यात हाय बाळंतपनाला. तुला दारात सोडते." गंगू बसली. पाच मिनिटांत मोटार सुरू झाली. याला काय म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवावं. मी तिथेच धुळीत हात जोडले.

चौथ्या दिवशी गंगूचे सासरे दोन माणसं घेऊन दारात आले.

"कौल काय पडला हुता?"

"कौल पडलाच नाही."

"मंग कुनाच्या हुकमानं गेली ती?"

माझी जीभ सवयीने देवाकडे वळत होती. मी म्हणालो, "मी धाडली."

ते पाणीही न घेता उठले. भावकीने पुढे दोन वर्षं मला पंगतीला बोलावलं नाही. गंगू शिकली, आणि तिच्या हातांनी किती लेकरं या जगात आली ते तिचं तिलाच माहीत. मला मिळालं ते वेगळं. शरण जाणं म्हणजे आपल्या वाटचं काम देवाच्या गळ्यात घालणं, असं मी चाळीस वर्षं समजत होतो. आता देवळात रोज जातो, पण विचारायला नाही. काय ठरवलंय ते सांगतो, पुढचं तू बघ म्हणतो, आणि घरी येतो. त्या सकाळी भैरोबा बोलला असता तर मी जन्मभर गप्प राहिलो असतो.