शेलीच्या ताटातलं तिसरं पोर

शेली जेवत नाही, ही गोष्ट ग्लेंडाच्या मनातून काही केल्या जाईना. विचारलं की लेक म्हणायची, "कामावर खाल्लं, आई." वृद्धाश्रमात सकाळभर म्हाताऱ्यांना भरवणारी ही पोर स्वतः काय खाते, ते तिच्या सैल पडलेल्या पँटवरून आईला दिसत होतं.

शेली पहिल्यापासूनच अशी. सोळाव्या वर्षी शेजारच्या म्हातारीला दर शनिवारी बिंगो खेळायला न्यायची आणि म्हातारी पैसे हरली की इंग्लंडमधल्या साउथ शील्ड्सच्या त्या अख्ख्या गल्लीत कुणाला पत्ता लागू द्यायची नाही. पुढे लग्न झालं, दोन मुलगे झाले, नवरा निघून गेला. त्याचीही फार वाच्यता तिने केली नाही.

मग धाकट्या भावाची, केविनची, बायको वारली आणि तो बाटलीत बुडाला. एका रविवारी शेली त्याच्या घरी गेली ती त्याच्या चार वर्षांच्या लेकीला, डार्सीला, कडेवर घेऊनच परतली. दुसऱ्या हातात काळ्या पिशवीत कोंबलेले कपडे. कुठे कळवलं नाही, कुणाची सही नाही. गल्लीची रीतच तशी होती. पोर नात्यातल्या नात्यात इकडून तिकडे जायचं, आणि पोरं सरकारी ताब्यात घेणाऱ्या कौन्सिलच्या सोशलवालीची गाडी दिसली की घराघरांतले पडदे ओढले जायचे.

पण सरकारी मदत दोन मुलांपुरतीच. डार्सी तिसरी. ती शेलीच्या ताटातलं खात होती.

शेवटी ग्लेंडाने लेकीला ओढतच चर्चच्या हॉलमध्ये नेलं. तिथे डोरीन लोकांना अशा बाबतीत सल्ला द्यायला बसायची.

"तिसऱ्याला मिळत नाही, खरंय," डोरीन म्हणाली. "पण नातेवाइकाचं पोर सांभाळणाऱ्यांना त्यातून सूट आहे, बाळे. दत्तक घेणाऱ्यांना असते तशीच."

"मग माझं कुठे अडलं?"

"सोशलवालीने लिहून द्यायला हवं, की तू नसतीस तर ही पोर सरकारच्या ताब्यात गेली असती."

शेली उठलीच. "म्हणजे मीच लांडग्याला दार उघडू? राहू दे तुमची सूट!"

"अगं, लांडग्याकडेच जागा नाहीये!" डोरीन हसली. "पोरं ठेवायला त्यांना घरं मिळत नाहीत. तुझं घर बघून बिस्किटं घेऊन येतील बघ."

"बिस्किटांवर संसार होत नाही, डोरीन."

"उपाशी राहून तरी कुठे होतो?"

शेली तशीच आईबरोबर बाहेर पडली. वाटेत ती एकदाच बोलली. "नेली तर, आई?"

ग्लेंडाला ती भीती होतीच, पण त्याहून मोठा काटा वेगळा होता. डार्सी आत्याकडे का आहे, हे सांगायचं म्हणजे केविनबद्दल सांगायचं. पोटच्या पोराची बदनामी आईने आपल्या तोंडाने करायची. इतके महिने लोकांना ती "त्याला बरं नाही" एवढंच सांगत आली होती.

लेकीला घरी पाठवून ती तशीच वळली आणि केविनच्या दारात उभी राहिली. त्याने दार उघडलं. दाढी वाढलेली, पण दुपार असूनही शुद्धीत होता. तिने सगळं सांगितलं.

"माझं नाव घेशील?" त्याने विचारलं.

"घ्यावं लागेल रे."

तो चौकटीला टेकला. "घे मग. खोटं थोडंच आहे? आत्ता मला ती झेपत नाही. शेलीकडे हसते तरी." मग हळूच म्हणाला, "बरा झालो की भेटायला येईन, हेही सांग त्यांना."

ग्लेंडाने त्याच्या गालावर हात ठेवला. पुष्कळ दिवसांनी ठेवला होता.

ती लेकीच्या घरी पोचली तेव्हा तिन्ही पोरं जमिनीवर भांडत होती. कुणाचा पाय कुणाच्या पोटात, काही कळत नव्हतं.

"केविन हो म्हणाला," ग्लेंडा म्हणाली.

शेलीने डोळे पुसले. "तूच बोल, आई. मी बोलायला गेले तर रडेन नाहीतर शिव्या घालीन."

"शिव्या नकोत. तुझ्या शिव्या ऐकून खरंच नेतील."

शेलीला हसू फुटलं. ग्लेंडाने खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि फोन हातात घेतला. पोर न्यायला नाही, ठेवून घ्यायला फोन करतेय, हे पहिल्याच वाक्यात सांगायचं, असं मनाशी ठरवून तिने कौन्सिलचा नंबर फिरवला.