घरबसलं तापमान

सातवीला भूगोल आणि पर्यावरण शिकवणाऱ्या बाईंचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटापलीकडे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. पोरांनी त्यांची कधीच हवाबाई करून टाकली होती. पोरं मोठी झाली, कामाधंद्याला लागली, आणि त्यांच्याबरोबर ते नावही दुकानांत, दवाखान्यांत, बसथांब्यावर जाऊन पोचलं. बाईंच्या कानावर ते येत असे. त्या ऐकू न आल्यासारखं करत.

दोष त्यांचाच होता. कुणी आपलं सहज बोलायला म्हणून जरी म्हणालं, "आज हवामान काय छान आहे, नाही?" तरी बाई जागच्या जागी थांबायच्या.

"हवामान नाही. हवा. आत्ता बाहेर आहे ती हवा. वर्षानुवर्षं मोजून सरासरी काढतात ते हवामान. हवा तासाभरात बदलते, हवामान बदलायला जन्म जातो."

भाजीवाला निमूट मान हलवून वजन करायचा. कोपऱ्यावरचा औषधवाला, जो स्वतः त्यांच्या हाताखालून गेला होता, तो तर बाई दिसल्या की या विषयावर तोंडच उघडत नसे. ऐकून घ्यायचे आणि वर फोडणीही घालायचे ते फक्त बाईंचे यजमान. त्यांचं घराखालीच शिवणकामाचं दुकान होतं. गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेता घेता ते सांगायचे, "आमची ही चिडली की मी आधी अंदाज घेतो. हवा असेल तर दुकानात थांबतो. हवामान असेल तर बहिणीकडे राहायला जातो."

बाईंचा जीव होता शाळेच्या गच्चीवर. तिथे चार पायांवर उभी एक पांढरी लाकडी पेटी होती, झडपांच्या भिंतींची, म्हणजे आत वारा खेळावा पण ऊन पडू नये. पेटीत तापमापी. शेजारी पावसाचं पाणी मोजायचं नळकांडं आणि कठड्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा. पुस्तकात त्याला वातकुक्कुट म्हटलं होतं, आणि तो शब्द वाचला की दर वर्षी सातवीचा वर्ग हसून लोळायचा. बाई हसू देत. तेवढं एकच हसणं त्यांच्या तासाला चालायचं.

आठवडाभर एकाची पाळी. पाळीच्या पोरानं मधल्या सुट्टीत वर जायचं, आकडे बघायचे आणि खाली येऊन व्हरांड्यातल्या मोठ्या तक्त्यावर लिहायचे. वर्ष संपलं की तक्ता गुंडाळून कपाटात. सुट्ट्यांमध्ये शिपाईकाका नोंद घ्यायचे, तेही नसले तर बाई स्वतः. नियम एकच होता आणि तो तक्त्याच्या डोक्यावर जाड अक्षरात लिहिलेला होता : रकाना रिकामा राहता कामा नये. एकदा एकाचा राहिला होता म्हणतात. बाईंनी त्याला वर्गासमोर उभं करून नुसतं विचारलं होतं, "त्या दिवशी हवा नव्हती का रे?" पोरगा ढसाढसा रडला. ती गोष्ट पुढच्या सगळ्या तुकड्यांना न सांगता कळली, आणि त्यानंतर रकाना रिकामा राहिला नाही. बाई ते आल्यागेल्याला अभिमानाने सांगत. वीस वर्षांवर झाली, एक दिवस सुटलेला नाही.

आता त्यांच्या निवृत्तीला फार काळ उरला नव्हता. मुख्याध्यापकांचा गच्चीवर डोळा होता. त्यांना तिथे पाण्याच्या टाक्या बसवायच्या होत्या, आणि पांढऱ्या पेटीला ते "तुमचं ते कबुतरांचं खुराडं" म्हणायचे. बाई आहेत तोवर ते बोलून गप्प बसत. बाई गेल्या की दुसऱ्या दिवशी पेटी भंगारात जाणार, हे शाळेत सगळ्यांना कळून चुकलं होतं आणि बाईंना रात्रंदिवस खात होतं.

म्हणून वेधशाळेचं पत्र आलं तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं. वेधशाळेला या भागात एक नोंदीचं ठिकाण हवं होतं. शाळेची जागा पसंत पडली तर ती पेटी सरकारी होणार, मग कुणाच्या बापाची तिला हात लावायची छाती नव्हती. एक साहेब पाहणीला आले. बारीक चणीचे, कमी बोलणारे. गच्ची पाहिली, पेटी पाहिली, मग व्हरांड्यात तक्त्यासमोर उभे राहिले.

"एकही रकाना रिकामा नाही?"

"एकही नाही," बाई म्हणाल्या.

"सुट्टीतसुद्धा?"

"सुट्टीतसुद्धा."

"कमाल आहे," साहेब म्हणाले. मग थोडं थांबून, "सगळ्या वर्षांचे तक्ते काढून ठेवा. मी पुन्हा येतो."

बाई त्या दिवशी घरी आल्या त्या हवेत चालतच. "साहेब म्हणाले, कमाल आहे!" हे यजमानांनी तीनदा ऐकलं आणि चौथ्यांदा स्वतःच म्हणून दाखवलं.

दुसऱ्या दिवसापासून बाई तक्ते काढून झटकायला, तपासायला बसल्या. सुरुवात चालू वर्षापासून केली, आणि गेल्या महिन्याच्या एका आठवड्यापाशी त्यांचं बोट अडलं. तक्त्यावर तापमान अगदी शहाण्यासारखं होतं, ना वर ना खाली. पण तो आठवडा बाईंना चांगला आठवत होता. असा बोचरा वारा सुटला होता की यजमानांनी दुकानाच्या खिडकीच्या फटीत कापडाच्या चिंध्या कोंबल्या होत्या, आणि बाई स्वतः शाल गुंडाळून तास घेत होत्या. त्या आठवड्यात बाईंचा गुडघाही इतका धरला होता की गच्चीचा जिना त्या चढल्याच नव्हत्या.

पाळी होती मोजपट्टीची. ही सातवीतली एक मुलगी, जिच्या वहीतल्या रेघा इतक्या सरळ असत की वर्गानं तिचं नावच ते पाडलं होतं. बाईंनी तिला भूगोलाच्या खोलीत बोलावलं आणि तक्त्यावर बोट ठेवलं. मुलीची हवा तिथेच टाइट झाली.

"तापमापी फुटली होती, बाई. वाऱ्यानं पेटीचं दार आपटलं. मी पकडायला गेले तर... पुढच्या सोमवारी मी प्रयोगशाळेतली दुसरी मागून लावली."

"आणि मधले आकडे?"

मुलीनं खाली बघितलं. "कपाटातले जुने तक्ते काढले. त्या त्या तारखेचं दर वर्षीचं तापमान घेतलं, आणि सरासरी काढली. तुम्ही शिकवली तशीच, बाई. अपूर्णांक आला तिथे जवळचा पूर्णांक घेतला."

बाई ओरडायला म्हणून श्वास घेऊन बसल्या होत्या. तो श्वास तसाच राहिला. पोरीनं मधल्या सुट्ट्या घालवून, एक बेरीज न चुकवता, हवेच्या रकान्यात हवामान लिहिलं होतं! ज्या एका फरकापायी बाईंनी आख्ख्या वस्तीचं डोकं खाल्लं होतं, तोच फरक या पोरीनं व्यवस्थित समजून घेऊन त्याचा असा उपयोग केला होता.

"अगं, मला येऊन सांगायला काय झालं होतं तुला?"

"रकाना रिकामा राहिला असता ना," मुलगी म्हणाली. तिच्या दृष्टीने एवढं उत्तर पुरेसं होतं.

संध्याकाळी जेवताना बाईंनी सगळं सांगितलं. यजमान आणि बाईंची मुलगी ऐकत होते. मुलगी दवाखान्यात परिचारिका होती आणि त्या दिवशी लवकर घरी आली होती. "एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदा झालं," बाई म्हणाल्या. "नेमकं साहेब यायच्या वेळेला. आता मी काय करू? तो आठवडा तसाच ठेवू की सांगून टाकू?"

यजमान म्हणाले, "पोरगी हुशार आहे. माझ्याकडे पाठव, गिऱ्हाईक न बघता कपडे बेतायला ठेवतो."

मुलगी मात्र हसली नाही. हातातला घास तिने ताटात ठेवला.

"आई, पहिल्यांदा नाही झालेलं."

"म्हणजे?"

"मी सातवीत होते तेव्हा मीही लिहिलेत. दोन-तीनदा. वर गेलेच नव्हते. कालचा आकडा घ्यायचा, एक वाढवायचा नाहीतर एक कमी करायचा. सगळेच करायचे गं. त्याला नावसुद्धा होतं. घरबसलं तापमान."

यजमानांना हसू फुटलं. बाईंच्या चेहऱ्याकडे नजर गेली तसं त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"तू?" बाई म्हणाल्या. "तू तर घरात होतीस. मला घरी सांगता आलं असतं."

"घरी?" मुलगी हळू आवाजात म्हणाली. "आई, बाकीच्यांना तू शाळा सुटेपर्यंतच होतीस."

बाईंना ते वाक्य लागलं. असं लागलं की ताट सारून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याशी नुसत्याच उभ्या राहिल्या. त्यांना राग आला नव्हता. लाज वाटत होती, आणि ती त्यांना ओळखू यायलाच थोडा वेळ लागला.

सकाळी शाळेत जाता जाता त्या औषधवाल्याच्या दुकानात शिरल्या. दुखऱ्या गुडघ्याचं मलम मागितलं आणि सरळ विचारलं, "घरबसलं तापमान म्हणजे काय रे?"

औषधवाला खो खो हसला. "तुम्हाला कुणी सांगितलं ते? अजून चालतं का ते?" मग आपण कुणाशी बोलतोय हे त्याच्या ध्यानात आलं, आणि हा चांगला बायकापोरांचा बाप सातवीतल्या पोरासारखा हात मागे बांधून उभा राहिला. ते हात बघून बाईंचं उरलंसुरलं अवसान गेलं. त्या मलम तिथेच विसरून निघाल्या.

दुपारी त्यांनी सगळ्या वर्षांचे तक्ते व्हरांड्याच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लावले. प्रत्येकाच्या खिळ्याला दोऱ्यानं एक लाल पेन्सिल बांधली. मग वर्गावर्गात जाऊन सांगितलं : ज्यानं जो आकडा घरबसला लिहिला असेल, त्यानं त्यावर फुली मारावी. नाव नको. कुणी बघणार नाही. जुन्या विद्यार्थ्यांनाही निरोप द्या. बाईंच्या तोंडून "घरबसला" हा शब्द ऐकून मागच्या बाकावर कुणीतरी हसून किंचाळायच्या बेतात होतं. एवढं सांगून बाई भूगोलाच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

मुख्याध्यापक धावत आले. "अहो, वेधशाळेचे साहेब यायचेत! आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेताय?"

"तुम्हाला टाक्याच बसवायच्या आहेत ना?" बाई म्हणाल्या. "मग तुम्ही कशाला घाबरता?"

आठवडाभर व्हरांड्यात वर्दळ होती. औषधवाला येऊन गेला. बसवर वाहक असणारा एक जण गणवेशातच आला. बाईंची मुलगी कामावर जाता जाता आली, आपल्या वर्षाचा तक्ता शोधून तीन फुल्या मारून गेली, आणि आईला भेटली नाही. शेवटी शिपाईकाका आले, इकडेतिकडे बघितलं आणि उन्हाळी सुट्टीचा एक आख्खा पट्टा लाल करून झाडू घेऊन चालते झाले. भिंतीकडे लांबून बघितलं तर गोवर उठल्यासारखी दिसत होती. बाई रोज संध्याकाळी सगळे गेल्यावर तिच्यासमोरून एकदा चालत जात. पाळीच्या पोरानं वर जायलाच हवं म्हणून त्यांनी आयुष्यभर धाक घातला होता, आणि त्या धाकापायी पोरं खालीच बसून आकडे रचत होती.

साहेब ठरल्या दिवशी आले. भिंत बघून थबकले. बाईंनी काही न लपवता सांगितलं, मोजपट्टीच्या सरासरीपासून शिपाईकाकांच्या सुट्टीपर्यंत. साहेबांनी ऐकून घेतलं, मग एका तक्त्यावरून दुसऱ्यावर जात बराच वेळ घालवला.

"जुन्या नोंदी घेता येणार नाहीत," ते म्हणाले. "फुल्या मारल्या त्या समजल्या, पण न मारलेल्या किती असतील? वाईट वाटून घेऊ नका. तक्ते सुंदर आहेत, पण आमच्या उपयोगाचे नाहीत."

बाईंनी मान हलवली. वीस वर्षं एका वाक्यात गेली, आणि ते वाक्य बरोबर होतं.

"खरं सांगू?" साहेब पुढे म्हणाले. "मी मागच्या वेळेलाच ही जागा नको असं लिहून टाकणार होतो. माणसं नोंद घेतात तिथे कुणी आजारी पडतं, कुणी कंटाळतं. एकही रकाना रिकामा नाही म्हटल्यावर मला संशय आला होता."

"तुम्ही तर कमाल म्हणालात," बाई म्हणाल्या.

"हो. वाटलीच कमाल." साहेब पहिल्यांदा हसले. "पेटी राहू द्या. नव्यानं सुरू करा. वर्षभर बघू, मग ठरवू."

बाईंनी नवा कोरा तक्ता लावला. डोक्यावरचा जाड अक्षरातला नियम लिहायला गेल्या आणि तेवढी जागा तशीच सोडली. पुढे बरेच दिवस आकडे नेमाने येत होते. बाईंना त्या प्रत्येक आकड्याचा संशय यायचा. गुडघा चोळत त्या जिन्याकडे बघायच्या, पण वर जाऊन पडताळायचं त्यांनी मनाशी ठरवून टाळलं.

मग एका दुपारी मोजपट्टी भूगोलाच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. पुन्हा तिची पाळी होती. केस विस्कटलेले, हाताला धूळ, खेळून धापा टाकत आलेली.

"बाई, आज मी वर गेलेच नाही."

"का गं? गच्चीच्या दाराची कडी निघाली नाही?"

"नाही. विसरले."

इतक्या वर्षांत या खोलीत बाईंसमोर सबबी म्हणून फुटलेल्या नळ्या आल्या होत्या, अडकलेली दारं आली होती, पोटदुखी आली होती. "विसरले" असं सरळ, डोळ्याला डोळा देऊन कुणी म्हटलेलं त्यांना आठवेना. आपल्या पोटच्या पोरीनंसुद्धा नाही.

"रकाना रिकामा ठेवू?" मुलीनं विचारलं.

"ठेव," बाई म्हणाल्या.

मुलगी पळाली. बाई उठून व्हरांड्यात गेल्या आणि त्या रिकाम्या रकान्यासमोर उभ्या राहिल्या. मग त्यांनी पिशवीतून फोन काढला आणि दवाखान्यात आपल्या मुलीला लावला. काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं.